पगारवाढ, पांढरे पीठ आणि ‘युताका’

चाकणजवळच्या एका जपानी कारखान्यासाठी मी कामगारांची माहितीपुस्तिका मराठीत करत होते. त्यात एक वाक्य होते, आमची उत्पादने ‘युताका ना सेइकात्सु’ घडवतात. सेइकात्सु म्हणजे जीवन. आणि युताका? पुण्यात जपानी शिकताना घोकलेला अर्थ जिभेवर तयारच होता. मी बेधडक लिहून टाकले, ‘श्रीमंत जीवन’. पुस्तिका वाटली त्याच दिवशी लाइनवरच्या एका ऑपरेटरने मला गाठले. ‘मॅडम, श्रीमंत जीवन म्हणजे पगार वाढणार का?’

पुढे त्याच कामासाठी मी दुभाषी म्हणून जपानला गेले आणि आइची प्रांतातल्या तोयोहाशी शहरात तीन वर्षे राहिले. ज्या शब्दाने माझी फजिती केली, तोच त्या शहराच्या नावात बसलेला होता. त्याने मला जे शिकवले ते खाली लिहिते आहे. क्रमांक घातलेत ते सवयीने. त्यांना चढता-उतरता काही अर्थ नाही.

१. शब्दाला तोंडे किती, ते आधी मोजावे

चित्रलिपीतले चिन्ह एकच, पण वाचायचे तीन तऱ्हांनी. एकटे आले की ‘युताका’. गावाच्या, माणसाच्या, देवाच्या नावात बहुधा ‘तोयो’. चिनी वळणाच्या जोडशब्दात ‘होओ’. होओनेन म्हणजे भरघोस पिकाचे वर्ष, होओसाकु म्हणजे उत्तम पीक आणि ‘गोकोकु होओज्यो’ म्हणजे पाचही धान्यांची सुगी. ही पाच धान्ये कोणती, यावर तिथे गावोगाव मतभेद आहेत. तांदूळ, गहू किंवा जव आणि कडधान्य यांबद्दल वाद नसतो. यादीत बहुतेकदा ‘आवा’ही असते. ते आपले राळे, हे कळल्यावर मला एखादा नातेवाईक भेटल्यासारखे झाले.

चिन्हाचा एक जुना उलगडा असा सांगतात की खाली उंच पायाचे पूजेचे भांडे आहे आणि वर त्यात शिगेपर्यंत भरलेला नैवेद्य. म्हणजे ही समृद्धी कोठारातली नव्हे, देवापुढे मांडलेली. हे मला त्या पुस्तिकेच्या आधी माहीत असायला हवे होते.

वाचनाचा घोळ जपान्यांचाही होतो, हा आपल्याला दिलासा. युताका तानियामा या गणितज्ञाचे पाळण्यातले नाव खरे तर ‘तोयो’ होते. पण लोक ते चिन्ह ‘युताका’ असे वाचत राहिले आणि शेवटी त्यानेच ते स्वीकारले. १९५८ मध्ये तो अवघ्या ३१ व्या वर्षी गेला. त्याने वर्तवलेला अंदाज १९९० च्या दशकात फर्माच्या शेवटच्या प्रमेयाच्या सिद्धतेचा कणा ठरला. जगाच्या गणितात अजरामर झाले ते लोकांनी चुकीचे वाचलेले नाव.

२. नावाला भुलू नये, कालवा कुठून येतो ते पाहावे

तोयोहाशी म्हणजे समृद्धीचा पूल. आमच्याकडे नावाला निदान शे-दोनशे वर्षांची परंपरा सांगतात. इथे चौकशी केली तर निघाली सरकारी फाइल. शहराचे जुने नाव योशिदा. मेइजी सरकारला एकाच नावाची दोन ठिकाणे नको होती, म्हणून १८६९ मध्ये बदलून तोयोहाशी केले. शेजारी तोयोकावा नावाचे शहर आहे. मधून जी नदी वाहते तिची अक्षरेही तीच, पण ती ‘तोयोगावा’. पहिल्या महिन्यात मी शहराला नदी आणि नदीला शहर म्हणत फिरले. सगळे हसून समजून घेत होते.

आइचीत ‘तोयो’ची नुसती रेलचेल आहे. सोळाव्या शतकातला हिदेयोशी मूळचा इथलाच, आताच्या नागोयातल्या नाकामुराचा, साध्या घरातला पोर. सत्तेच्या शिखरावर पोचल्यावर दरबाराने त्याला ‘तोयोतोमी’ हे नवे कुलनाव बहाल केले. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी तोयोदा घराण्याने मोटारी काढल्या, तेव्हा नाव ‘टोयोटा’ केले. त्याला एक कारण असे की काताकाना लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होते. जपानी लिपीतला आठ वरून निमुळता आणि खाली पसरत जाणारा, म्हणून शुभ. १९५९ मध्ये कोरोमो नावाच्या शहराने आपले जुने नाव टाकून कारखान्याचे नाव घेतले आणि ते टोयोटा शहर झाले. कंपनीला गावाचे नाव देतात हे माहीत होते. इथे गंगा उलटी वाहिली.

पण मला खरे शहाणपण शिकवले ते आत्सुमी द्वीपकल्पाने. तोयोहाशीपासून समुद्रात घुसलेली ती जमिनीची लांब पट्टी. आज तिथे मैलोगणती कोबी, खरबुजाची हरितगृहे आणि रात्री दिवे लावून फुलवलेली शेवंती. दिवस मोठा आहे असा रोपाचा समज करून द्यायचा आणि फुलणे हव्या त्या तारखेपर्यंत लांबवायचे, असा तो प्रकार. हिवाळ्यातल्या रात्री बसमधून जाताना हरितगृहांची रांगच्या रांग पिवळी उजळलेली दिसते. दिवाळीच म्हणा. शेतीच्या उत्पन्नात हा भाग देशात आघाडीवर आहे.

आणि हाच भाग एके काळी पाण्यावाचून तडफडणारा होता. मोठी नदी नाही, पडलेला पाऊस समुद्रात. तोयोगावा कालव्याचे काम १९४९ मध्ये सुरू झाले, डोंगरातले उरे धरण १९५८ मध्ये उभे राहिले आणि १९६८ मध्ये कालवा पुरा झाला. तेव्हा कुठे नदीच्या नावातली समृद्धी शेतात उतरली. माझ्याबरोबर बसमध्ये बसलेल्या एका शेतकरी आजोबांना मी विचारले, पूर्वी काय पिकायचे? ‘रताळी,’ ते म्हणाले, ‘आणि तक्रारी.’ माझे आजोळ माणदेशातले. मला दुभाष्याची गरज पडली नाही.

३. ओसंडू द्यावे, पण खाली पेटी ठेवावी

कारखान्यातल्या वरिष्ठांनी मला पहिल्यांदा इझाकायात नेले, म्हणजे दारू आणि खाणे मिळते अशा गल्लीतल्या छोट्या जागी. मी पीत नाही. दुभाष्याने पिऊ नये असे माझे मत आहे, कारण बाकीचे पितात तेव्हाच खरे बोलतात. शेजारच्याने साके मागवली. लाकडी चौकोनी पेटीत काचेचा पेला आला. मालक ओतू लागला तो थांबेचना. पेला भरला, काठावर फुगला, सांडला, खालची पेटीही निम्मी भरली. याला ‘मोक्किरि’ म्हणतात. मी आपली कागदी रुमाल घेऊन पुढे सरसावले, तर सगळे हसले. सांडलेले वाया गेलेले नसते. आधी पेल्यातले प्यायचे, मग पेटीतले.

ती पेटी म्हणजे ‘मासु’, धान्य मोजायचे जुने माप. ‘मासु’ या उच्चाराचा दुसरा अर्थ वाढणे. आपल्याकडे नवी सून उंबरठ्यावरचे माप लवंडते आणि तांदूळ घरात पसरतात. माप भरलेले असले तर ती नुसती मोजणी, सांडले की ती बरकत. पृथ्वीच्या दोन टोकांना हाच विचार कसा सुचला असेल, यावर मी त्या रात्री ट्राममध्ये बराच वेळ घालवला.

मासुचे एक कोडे दुकानांच्या भिंतीवर दिसते. पाटीवर लिहिलेले असते, ‘वसंत, उन्हाळा, हिवाळा, दोन शो, पाच गो’. मला वाटले भाव लिहिला असेल. उलगडा असा. ऋतूंत शरद नाही. शरद म्हणजे ‘आकि’, नाही म्हणजे ‘नाइ’. जोडा, ‘आकिनाइ’, म्हणजे व्यापार. शोचे माप म्हणजे मासु, दोन मापे म्हणजे ‘मासु-मासु’, म्हणजे उत्तरोत्तर. दहा गोचा एक शो, तेव्हा पाच गो म्हणजे अर्धा शो, ‘हान-ज्यो’, आणि हानज्यो म्हणजे भरभराट. व्यापार उत्तरोत्तर भरभराटीस येवो! आमच्याकडे ‘शुभ लाभ’ लिहून मोकळे होतात.

४. द्यायचे तर उधळून द्यावे

घरमालकीण आजींनी मला त्यांच्या लग्नाचे फोटो दाखवले. नागोयाच्या बाजूची लग्ने थाटाबद्दल बदनाम आहेत. तीन मुली असतील तर घर बुडते, असे तिथे म्हणतात. रुखवताचा ट्रक निघाला की तो मागे घ्यायचा नाही, मागे घेणे म्हणजे मुलगी परत येणे. अरुंद गल्लीत समोरून गाडी आली तर तिनेच निमूट मागे जायचे. आणि घराच्या माडीवरून शेजाऱ्यांवर मिठाई फेकायची. त्याला ‘काशिमाकि’ म्हणतात. ‘हातात का देत नव्हता?’ मी विचारले. आजी म्हणाल्या, ‘हातात दिले की मोजले जाते गं.’ आता हे फारसे कुणी करत नाही. सभागृहाच्या खिडक्या उघडत नाहीत, हे त्यांनी सांगितलेले कारण.

उधळणीचा कळस मी पाहिला तो तोयोहाशीच्या ओनि मात्सुरी या उत्सवात, फेब्रुवारीच्या १० आणि ११ तारखांना. ओनि म्हणजे राक्षस, तांबडा, शिंगे असलेला. लांब नाकाचा तेंगू त्याच्याशी झुंजतो, ओनि हरतो, आणि माफी म्हणून गोळ्या आणि पांढरे पीठ उधळत गावभर पळत सुटतो. लोक मुद्दाम त्याच्या वाटेत उभे राहतात. ते पीठ अंगावर पडले तर उन्हाळ्यात आजार शिवत नाही, अशी श्रद्धा. मी नवा काळा कोट घालून गेले होते. परतले तेव्हा गिरणीतून आल्यासारखी दिसत होते. घरी फोटो पाठवला, त्यावर बाबांचे एका ओळीचे उत्तर आले : ‘जेजुरीला गेली होतीस, तर हळद पांढरी कशी?’

माझे कुलदैवत खंडोबाच. त्यामुळे मला तिथे परके वाटायचे कारणच नव्हते.

५. ‘संपले’ म्हणू नये

हा धडा मी घेऊन गेले होते, आणला नाही. पहिल्या शरदात आजींनी नाशपातीची फोड पुढे केली. मी शब्दज्ञान दाखवायला म्हणाले, ‘नाशि!’ त्या म्हणाल्या, ‘पाहुण्यापुढे आम्ही आरि-नो-मि म्हणतो.’ नाशि हे फळाचे नाव, पण त्या उच्चाराचा अर्थ ‘नाही’ असाही होतो. म्हणून नाव उलटवले, ‘असण्याचे फळ’. वाळवलेल्या माकुळाला ‘सुरुमे’ म्हणतात; ‘सुरु’त पैसा घालवल्याचा वास, म्हणून ते ‘आतारिमे’, नशीब लागलेले. लव्हाळ्यासारखे जे बोरू उगवते ते ‘आशि’. त्याच उच्चाराचा अर्थ वाईट, म्हणून ते ‘योशि’, चांगले. जपानचे पुराणातले एक नाव ‘तोयो’ आणि ‘आशि’ यांनीच सुरू होते, बोरूंच्या समृद्ध मैदानाचा देश. तिथे मात्र ‘आशि’ चालली. लग्नसमारंभ संपला असे कुणी म्हणत नाही. तो ‘ओहिराकि’, म्हणजे उघडतो.

मग मी त्यांना सांगितले की आमच्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर वाढली. तांदळाचा डबा रिकामा झाला तर आई म्हणते, तांदूळ वाढले, आणि बाबा पिशवी घेऊन निघतात. आजींनी हे दोनदा म्हणवून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून निरोप आला, सोय सॉस वाढला आहे, येताना आणशील का?

६. छोट्या माशांचा हिशेब ठेवावा

नववर्षाच्या डब्यात, एकावर एक रचलेल्या लाखी पेट्यांत, काळ्या सोयाबीनशेजारी वाळवून गोड पाकात घोळवलेले बोटभर मासे असतात. नाव ‘ताझुकुरि’, शब्दशः शेत करणारे. हे काय नाव झाले? एके काळी सार्डिन भातशेतीला खत म्हणून घालत. मासा शेतात गेला, शेताने भात दिला, म्हणून नववर्षाला मासाच ताटात आणि त्याच्या नावात शेत. कोकणात कुटा घालत ते आठवले.

जाळ्यात भरपूर मासळी सापडण्याला ‘ताइर्‍यो’ म्हणतात. पूर्वी ती घेऊन येणारी होडी दुरूनच रंगीत झेंडे फडकावत यायची. आता ते झेंडे नव्या होडीला भेट देतात. मिसुझु कानेको या कवयित्रीची ‘ताइर्‍यो’ नावाचीच छोटी कविता आहे. किनाऱ्यावर सणासारखा आनंद आहे आणि ती मात्र समुद्राखालच्या सार्डिनांच्या घरचे सुतक पाहते. ती १९३० मध्ये, २६ वर्षांची असताना गेली. त्यानंतर झेंडा पाहिला की माझी नजर पाण्याकडेही जाते. त्याला इलाज नाही.

७. समृद्धीलाही दोन वेळा जेवू घालावे लागते

आत्सुमीच्या टोकाला इरागोहून नाव धरली की समोर तोबा आणि तिथून इसे, मोठ्या देवस्थानाचे गाव. लोक आधी बाहेरच्या देवस्थानात जातात, मग आतल्या. बाहेरच्यातली देवी तोयोउके. ‘उके’ म्हणजे अन्न. सूर्यदेवता आमातेरासुला जेवण पुरवणे हे तिचे काम. लाकडावर लाकूड घासून रोज नवा विस्तव पाडतात, त्यावर शिजवतात, आणि सकाळ-संध्याकाळ दोन वेळचा नैवेद्य दाखवतात. भात, मासा, समुद्रशेवाळ, भाजी, फळ, मीठ, पाणी, साके. हे दीड हजार वर्षे अखंड चालू आहे, असे देवस्थान सांगते. तिथली देवळे दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नवी बांधतात. मागची खेप २०१३ ची.

मी पंढरपूरची, निदान वारीपुरती. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस माणसासारखा असतो हे मला नवे नव्हते. नवे होते ते हे, की समृद्धीची देवी स्वतः दुसऱ्या देवीच्या स्वयंपाकघरात कामाला आहे.

याच्या अगदी उलट टोकाचे दर्शन कोमाकीच्या तागाता देवस्थानात. १५ मार्चचा ‘होओनेन मात्सुरी’. सायप्रसच्या लाकडाचे सुमारे अडीच मीटरचे लिंग दर वर्षी नव्याने कोरतात आणि खांद्यावर घेऊन मिरवतात. पीक यावे, पोर यावे, इतकी सरळ मागणी. मी ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर गेले होते. दुभाषी म्हणून त्या दिवशी माझ्यावर काम फार पडले नाही.

८. एका कॉफीत न्याहारी मिळत असेल तर कारण विचारावे

आइचीत सकाळी कॉफी मागवा, सोबत टोस्ट आणि उकडलेले अंडे फुकट. याला ‘मॉर्निंग’ म्हणतात आणि हे आपल्याच गावात सुरू झाले असा दावा इचिनोमियाचाही आहे, तोयोहाशीचाही. इचिनोमियाची कथा मला पटते. १९५० च्या दशकात तिथे मागांचा खडखडाट इतका की कारखान्यात बोलणे ऐकू येत नसे. व्यापारी बोलणी करायला कॉफीच्या दुकानात येऊन बसत, दिवसातून चार-चार वेळा. दुकानदाराने आभार म्हणून अंडे ठेवले. इचलकरंजीच्या माणसाला हे समजवावे लागणार नाही.

९. मोकळी जागा मोजायला शिकावे

आजींच्या घरात सहा तातामी चटयांची एक खोली होती. तिच्यात काही नव्हते. कोनाड्यात एक चित्र, एक फूल, बस. मला वाटे, बिचाऱ्या एकट्या, सामान घेणार तरी कशाला. एकदा मी बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, ‘ही खोली माझे युतोरी आहे.’

युतोरी म्हणजे सैलपणा, ढिलाई नव्हे. हाताशी राखलेली जागा, वेळ, श्वास. युताका आणि युतोरी या शब्दांच्या मुळाशी ‘युता’ आहे, त्याचा अर्थच मोकळे, प्रशस्त. म्हणजे ज्या शब्दाचे मी ‘श्रीमंत’ केले, त्यात पैसा मुळात नव्हताच. होती ती जागा. जपान सरकार दर वर्षी लोकांना विचारते, तुम्हाला वस्तूंची युताकासा हवी की मनाची? हा प्रश्न १९७२ पासून आहे, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मनाचे पारडे जड झाले. घराघरात टीव्ही, फ्रिज आल्यानंतर, अर्थात. रिकाम्या पोटी कुणी खोली रिकामी ठेवत नाही.

युतोरीचे सरकारी धोरणही झाले. २००२ पासून शाळांतला अभ्यासक्रम बराच छाटला आणि शनिवारची शाळा पूर्ण बंद केली. मुलांना श्वास घेऊ द्या, असा हेतू. मग आंतरराष्ट्रीय चाचण्यांत गुण घसरले, ओरड झाली आणि काही वर्षांत तास पुन्हा वाढले. त्या काळात शिकलेल्यांना अजून ‘युतोरी पिढी’ म्हणून हिणवतात. माझ्या विभागातला एक तरुण त्यातलाच. नेमका सहाला उठून घरी जायचा. त्याच्या कामात मला कधी खोट दिसली नाही, पण वरिष्ठांच्या भुवया रोज सहाला वर जात.

आजींना मी मराठी प्रतिशब्द शोधून दिला. आजोळच्या ओट्यावर दुपारी दहा माणसे पालथी-उताणी पडत आणि तरी अकराव्याला जागा असे. त्याला आम्ही ऐसपैस म्हणतो. त्यांना तो उच्चार फार आवडला. ‘आइसु-पाइसु,’ त्या म्हणायच्या आणि पाय पसरून बसायच्या.

पुण्याला परतल्यावर पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. मी ‘श्रीमंत जीवन’ खोडून ‘ऐसपैस जगणे’ लिहिले. वरून शेरा आला, फार घरगुती वाटते. दोन बैठका झाल्या. शेवटी ‘समृद्ध आणि ऐसपैस जीवन’ यावर तडजोड झाली आणि ती छापून आली.

वाटपाच्या दिवशी तोच ऑपरेटर भेटला, आता सुपरवायझर झालेला. त्याने पान उघडले, ओळ वाचली, पुन्हा वाचली.

‘मॅडम, ऐसपैस म्हणजे सुट्ट्या वाढणार का?’

वर विचारून सांगते, म्हणाले.